महिपत कान्होजी, वय चौतीस

६ ऑगस्ट १९५६, सोमवार

नामंजूर! तीन ओळींचं पत्र. विषय परराष्ट्र व्यवहाराचा, तो दिल्लीच्या अखत्यारीतला, मध्यभारत विधानसभेत घेता येत नाही — सही, शिक्का, तारीख. चार वर्षं झाली मला त्या मोतीमहालात आमदार म्हणून बसून. चार वर्षांत गटारांवर प्रश्न विचारले, शाळांच्या छपरांवर विचारले, तेव्हा कुणी नाही म्हणालं नाही. गोव्यात पोर्तुगीजांनी आपल्या नि:शस्त्र माणसांवर गोळ्या घातल्या, उरलेल्यांना वर्षभर कोंडून ठेवलंय, त्याबद्दल सरकारनं काय केलं एवढं विचारलं तर म्हणे परराष्ट्र!

पत्र टराटरा फाडलं. मग आठवलं की फाइलला लावायचं होतं. डिंकानं चिकटवत बसले.

७ ऑगस्ट

ग्वाल्हेरातल्याच दाना ओली गल्लीतून शामला आली होती. उंबऱ्यातच उभी. म्हटलं, आत ये, मी काही मंत्री नव्हे. प्रश्न नामंजूर झाल्याचं सांगितलं. रडेल असं वाटलं होतं, रडली नाही. त्याचंच जास्त वाईट वाटलं.

तिचा नवरा सूर्याजी, सरकारी मिडल स्कूलमध्ये मास्तर. गेल्या जुलैत वडील आजारी असल्याचा अर्ज देऊन रजा घेतली आणि गेला सत्याग्रहाला. वडील महिपतराव त्या वेळी विहिरीवरून स्वतः पाणी ओढत होते! बेळगावहून एक कार्ड आलं, ‘उद्या सोमवारी हद्द ओलांडतो.’ तो सोमवार म्हणजे पंधरा ऑगस्ट. त्याच दिवशी गोळीबार झाला. पुढं काही नाही. तुरुंगातून सुटून आलेल्या कुणी त्याचं नाव ऐकलेलं नाही. इंदूरचा एक जण मात्र सांगतो की सूर्याजीला पडताना पाहिलं.

महिपतराव रियासतीच्या फौजेत जमादार होते. फौज हिंदुस्थान सरकारात विलीन झाली तेव्हा घरी बसले. त्यांनी मनाशी धरलंय की मुलगा गेला. पळणारा नव्हता, म्हणतात, म्हणजे गोळी लागलीच असणार. पाहणारा साक्षीदार आहे, तेव्हा बारा वर्षं वाट बघायची गरज नाही असं भटजींनीही सांगितलंय. पितृपक्षात, शस्त्रानं गेलेल्यांच्या चतुर्दशीला, पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा असं ठरलंय. ३ ऑक्टोबर. त्या दिवशी शामलाचं कुंकू पुसलं जाणार.

निघताना म्हणाली, “ताई, सरकारनं पोर्तुगालचं काय केलं ते मला नको. ते आहेत की नाहीत, एवढंच तुमच्या मंत्र्यांना विचारा.”

नवऱ्याचं नाव एकदाही घेतलं नाही. मीच आपली सूर्याजी सूर्याजी करत होते.

१२ ऑगस्ट, रविवार

यांच्याशी कडाक्याचं भांडण. वकील नवरा असू नये कुणाला! माझा मसुदा वाचला, चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग म्हणाले, “तू पोर्तुगालला कशाला जाब विचारतेस? आपल्या माणसांबद्दल विचार. माणसं ग्वाल्हेरची आहेत ना?”

मी म्हटलं, ही पळवाट झाली. ते म्हणाले, झाली तर झाली, सभागृहात पोचते ना? तासभर बोलले नाही त्यांच्याशी. मग त्यांचंच ऐकलं. मुकाट्यानं ऐकलं असं मात्र कुणी समजू नये.

नवा प्रश्न असा — मध्यभारतातले किती रहिवासी गोव्याच्या तुरुंगांत आहेत, त्यांची नावं काय, आणि घरच्यांना त्यांची पत्रं मिळावीत म्हणून राज्य सरकारनं दिल्लीशी काय पत्रव्यवहार केला? परराष्ट्राचा ‘प’सुद्धा नाही त्यात.

१३ ऑगस्ट

प्रश्न टाकायला निघाले तोच सूर्याजीच्या शाळेचे हेडमास्तर लक्ष्मीकांत पायरीवर. भला माणूस, पण इतकं हळू बोलतात की कान पुढं करावा लागतो. वर्षभर हजेरीपुस्तकात ते सूर्याजीपुढं ‘रजा’ लिहिताहेत. सरकारी नोकरानं सत्याग्रहात जायचं नाही असं परिपत्रक होतं. नाव जर विधानसभेत निघालं तर नोकरी जाईल, आणि खोट्या रजेसाठी हेडमास्तरांचीही. प्रश्नात नाव घालू नका, म्हणाले.

मी म्हटलं, सर, माणूस जिवंत आहे की नाही ते कळत नाही आणि तुम्ही रजा लिहिताय? तर म्हणाले, “रजा लिहिली म्हणजे परत यायचंय असा अर्थ होतो, ताई.”

नाव घातलेलं नाही. प्रश्न दिला.

१५ ऑगस्ट

फूलबागेत झेंडा. भाषणं, जिलबी. शामला आली नाही. वर्ष झालं.

२४ ऑगस्ट

स्वीकारला! गृहमंत्री उत्तर देणार, २५ सप्टेंबरला. हे नुसते मिशीत हसले. त्यांच्या आवडीची वांग्याची भाजी केली. कारण मात्र सांगितलं नाही.

९ सप्टेंबर, रविवार

दाना ओलीत जाऊन आले. महिपतराव ओसरीवर ताठ बसलेले, अडुसष्टाव्या वर्षीही कमरेत वाक नाही. मी गॅलरीचा पास पुढं केला. म्हटलं, चतुर्दशी ३ तारखेला आहे, त्याआधी मंत्री काय सांगतात ते स्वतः येऊन ऐका. म्हणाले, तुमचे मंत्री काय सांगणार, ‘जांच चल रही है’ सांगतील. मग पास उलटसुलट करून बघितला, दोन्ही बाजूंचे शिक्के वाचले, आणि ठेवून घेतला.

शामला आतून चहा घेऊन आली. सासऱ्यांकडे पाठ होती तेव्हा माझ्याकडे बघून नुसती मान हलवली. मला तिथंच ओक्साबोक्शी रडावंसं वाटलं.

२५ सप्टेंबर

मेले सगळे! सभागृहात फक्त एकच विषय — राजधानी. पहिली नोव्हेंबर आली की मध्यभारत संपणार, नवा मध्यप्रदेश होणार, आणि राजधानी भोपाळला. ग्वाल्हेरवाले ओरडतात, इंदूरवाले ओरडतात, दफ्तरं कोणाची कुठं जाणार यावर तास गेला. माझा नंबर आला तेव्हा गृहमंत्री जयसिंहराव उठले आणि म्हणाले, “दिल्ली से सूची की प्रतीक्षा है, समय दिया जाए.” मिळाला वेळ. १ ऑक्टोबर, अधिवेशनाचा शेवटचा दिवस.

मी उठून म्हटलं, अध्यक्ष महोदय, इस सभा को ही अब कितना समय बचा है? सगळे हसले. माझ्या हिंदीला हसले की खरेपणाला, कळलं नाही. वर गॅलरीत महिपतराव हसले नव्हते. बाहेर आल्यावर एवढंच म्हणाले, “मी म्हटलं होतं.”

२९ सप्टेंबर

भटजींनी पळसाची पानं मागवली आहेत. शामलाचा निरोप. बस, एवढाच.

१ ऑक्टोबर, सोमवार

नीट क्रमानं लिहिते.

अकराला प्रश्नोत्तरं सुरू झाली. माझा चौथा. जयसिंहराव उठले, कागद काढला आणि वाचायला लागले. मध्यभारतातले चार जण गोव्याच्या तुरुंगांत आहेत. दोन उज्जैनचे, एक इंदूरचा. चौथं नाव, “महिपत कान्होजी, उम्र चौंतीस वर्ष, ग्वालियर.” बस. मंत्री खाली बसले.

सूर्याजी नाही! परवा पुतळा जळणार, आणि तो जाळायला सरकारी कागद मीच मिळवून दिला, असं वाटलं. वर बघवत नव्हतं, तरी बघितलं. महिपतराव उभे होते. गॅलरीत उभं राहायची मनाई. चपराशी त्यांची बाही ओढत होता, “बाबूजी, बैठिए.” ते कठडा धरून तसेच उभे. तोंड असं, जणू भर सभेत कुणी नाव घेऊन हाक मारली.

आणि हाकच मारली होती की! महिपत कान्होजी म्हणजे तेच. महिपत, बाप कान्होजी. पण ते अडुसष्टचे, आणि वर बसलेले. मग तुरुंगातला चौतीस वर्षांचा महिपत कोण? सूर्याजीचं वय किती — चौतीस! परिपत्रक आठवलं. सरकारी नोकर. पकडल्यावर नोकरी वाचवायला त्यानं खोटं नाव सांगितलं. आणि खोटं म्हणून सुचलं काय, तर बापाचं! वर्षभर आम्ही सूर्याजी शोधतोय, आणि कागदावर सूर्याजी नाहीच.

पुरवणी प्रश्न अगदी जिभेवर आला होता. अध्यक्ष महोदय, हा महिपत खरा कोण? विचारला असता तर उद्याच्या पेपरात छापून आला असता. सूर्याजीची नोकरी गेली असती, हेडमास्तरांचीही. जन्मात पहिल्यांदा मी तोंड आवरलं. एवढंच विचारलं की या चौघांना घरून पत्र पाठवता येईल का. रेडक्रॉसमार्फत जाईल, पंधरा दिवसांत व्यवस्था करू, असं उत्तर मिळालं. तेही कामकाजात नोंदलं गेलं.

मधल्या सुट्टीत व्हरांड्यात जयसिंहराव शेजारी येऊन उभे राहिले. आत हिंदी, बाहेर मराठी.

“मंदाताई, महिपतराव जमादारांना मी लहानपणापासून ओळखतो. चौतीसचे नाहीत ते.”

मी हातातले कागद मिटले.

“मी काही विचारलेलं नाही,” म्हणाले, “तुम्हीही काही सांगू नका.” आणि निघून गेले. चार वर्षं मी या माणसाला मख्ख म्हणत आले. उद्यापासून म्हणणार नाही. निदान आठवडाभर तरी.

२ ऑक्टोबर

महिपतराव मानायला तयार नाहीत! म्हणतात, ग्वाल्हेरात महिपत काय कमी आहेत? कान्होजी काय कमी आहेत? आडनाव नाही, गल्ली नाही. मी दीड तास वाद घातला. घसा बसला. शेवटी शामला दाराआडून बोलली. सासऱ्यांसमोर इतकं बोललेली मी तिला पहिल्यांदाच ऐकली.

“मामंजी, पुतळा पुढच्या वर्षीही करता येईल. उद्या केला आणि ते आले, तर त्यांना काय सांगायचं?”

म्हाताऱ्यानं उठून पळसाची पानं म्हशीपुढं टाकली. ‘पत्राचं उत्तर येईपर्यंत थांबतो’ म्हणाले. तेवढं पुष्कळ आहे.

१६ ऑक्टोबर, मंगळवार

परवा दसरा झाला, आज रेडक्रॉसचा कागद आला. शामला पत्र लिहायला माझ्याकडे आली आणि अडून बसली. पत्र जाणार ‘महिपत कान्होजी’ या नावानं. म्हणजे सासऱ्यांचं नाव! लग्नाला बारा वर्षं झाली, तिनं ते कधी उच्चारलेलं नाही, लिहिलेलं नाही. नवऱ्याचंही नाही, पण ते निराळं. पत्ता मीच लिहिला. आता मायना काय घालायचा? तुरुंगात पत्र उघडून वाचतात, तिथं ‘प्राणनाथ’ लिहून चालायचं नाही, तो तर तिचा सासरा! शेवटी लिहिलं, ‘तीर्थस्वरूप मामंजींस शामलाचा शिरसाष्टांग नमस्कार.’ लिहून कागदाकडं बघितलं आणि तिला हसू फुटलं. पदर तोंडाला लावून इतकी हसली की डोळ्यांत पाणी आलं. मीही हसले. हे आतून विचारत होते काय झालं म्हणून. त्यांना काय सांगणार!

पुढं तिनं लिहिलं की घरी सगळे ठीक, शाळेत रजा मंजूर आहे, काळजी नसावी. आणि ‘आपली तब्येत कळवावी’ हे दोनदा लिहिलं.

२४ ऑक्टोबर

पोस्टमन आला. वीजबिल.

३१ ऑक्टोबर, बुधवार

मध्यभारताचा शेवटचा दिवस. मोतीमहालातून फायलींचे गठ्ठे बैलगाड्यांवर भोपाळच्या वाटेला. माझ्या बाकावरचा नंबर कुणीतरी खरवडून काढलाय. आठ वर्षांचं राज्य! गहिवरून येईल असं वाटलं होतं, आलं नाही. कामकाजाच्या छापील पुस्तिकेत माझा प्रश्न आहे, आणि खाली चार नावं आहेत. राज्य गेलं तरी ती पुसली जाणार नाहीत. नव्या विधानसभेत आम्ही सगळे भोपाळला बसणार. तिथला पहिला प्रश्नही लिहून ठेवलाय, सुटका कधी?

दाना ओलीत अजून काही नाही. शामला रोज दुपारी दारात बसते. महिपतराव तिच्याशेजारी येऊन बसतात, पण कशासाठी ते बोलत नाहीत.

५ नोव्हेंबर, सोमवार

आलं! शामला धावत इंदरगंजला माझ्या घरी आली, मागून महिपतराव. अक्षर बघायला हेडमास्तरांनाही वाटेतून ओढून आणलेलं. ते म्हणाले, माझ्याच शाळेतलं अक्षर आहे. मी मोठ्यानं वाचलं —

‘चि. सूर्याजीस वडील महिपत यांचे अनेक आशीर्वाद. मी खुशाल आहे. पायाला गोळी लागली होती, आता चालतो. सूनबाईंचा नमस्कार पावला. चि. सूर्याजी, मी येईपर्यंत घरात वडीलधारा तूच, सूनबाईंना जप.’

महिपतरावांनी कार्ड माझ्या हातातून घेतलं, कपाळाला लावलं, आणि डोळे पुसून म्हणाले, “वडिलांची आज्ञा आहे. पाळायला हवी.”