यंदा भानुमती मीच

२ जून १९९६, रविवार. सकाळी सहा.
आजपासून मनापासून. जानेवारीपासूनची पानं कोरी आहेत, पण कलावंताचं वर्ष गणपतीच्या नाटकाचं वाचन होतं तेव्हा सुरू होतं. डायरी एका सिमेंट कंपनीची आहे. हल्ली यांच्या ऑफिसात डायऱ्या फार जाड येतात.

काल आमच्या दिल्लीच्या मराठी मंडळात राजाभाऊंनी नवं तीन अंकी नाटक वाचलं. लेखक तेच, दिग्दर्शक तेच. नायिका भानुमती, वय पस्तीस. नवरा तिला न विचारता राहतं घर विकतो आणि दुसऱ्या अंकात तिला ते एका पत्रातून कळतं. वाचन संपलं तेव्हा राजाभाऊंची नजर बराच वेळ माझ्यावर होती. माझ्यामागे भिंतीवर घड्याळ होतं, पण तरीही.

मला पंचावन्न पूर्ण झाली. स्टेजवरची पस्तिशी हा लाइटिंगचा प्रश्न असतो.

चौदा वर्षं मी मंडळाची प्रॉम्प्टर आहे. विंगेत एक स्टूल, एक टॉर्च, एक वही. सगळ्यांची सगळी वाक्यं मला पाठ. आता पुरे. मार्चमध्ये हे रिटायर होतील, लक्ष्मीबाई नगरचं क्वार्टर सुटेल आणि आम्ही नोएडाच्या नव्या फ्लॅटमध्ये जाऊ. तिकडे अजून रस्त्यावर दिवेसुद्धा नाहीत. यमुनेपलीकडून रोज तालमीला कोण येणार? म्हणजे यंदा नाही तर कधीच नाही.

संकल्प: मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, रोज फिरणं, लोणचं बंद.

९ जून, रविवार.
भानुमती चेतनाला दिली.

चेतनाला मंडळात आणलं मी. पाच वर्षांपूर्वी तिच्या नवऱ्याची, निखिलची, बदली दिल्लीला झाली तेव्हा ही कुणाला ओळखत नव्हती. भोपाळला वाढलेली, मराठी बोलताना दर वाक्यात 'मतलब' म्हणायची. दोन हिवाळे माझ्या गच्चीवर बसवून तिची मराठी मी घासूनपुसून घेतली. आज माझ्याकडे धावत आली आणि म्हणाली, काकू, तुम्ही विंगेत आहात म्हणून मला बिल्कुल टेन्शन नाही.

राजाभाऊ म्हणाले, वहिनी, प्रॉम्प्टिंगला तुमच्याशिवाय माझा कुणावर भरवसा नाही.

घरी येऊन लोणच्याबरोबर भात खाल्ला. गुळण्या उद्यापासून.

११ जून.
खचायचं नाही. नागपूरला कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर बेनेडिक्टांनी मला ख्रिसमसच्या नाटकात तिसरा मेंढपाळ केलं होतं. वाक्य एकही नव्हतं. सिस्टर म्हणाल्या, तीन मेंढपाळांशिवाय हे नाटकच होत नाही. हलक्या हाताने त्यांनी माझ्या डोक्याला टॉवेल बांधला होता. साबणाचा तो वास अजून आठवतो. पुढच्या वर्षी दोनच मेंढपाळ होते, पण मला तेव्हा कांजिण्या होत्या.

१६ जून, रविवार.
शांत डोक्याने विचार केला. आमच्या मंडळात भूमिका कलेवर मिळत नाही, बदलीवर मिळते. सगळे सरकारी नोकरीतले. दरवर्षी पावसाळ्यात ऑर्डरी निघतात आणि तालमीतून एखादं पात्र देशाच्या दुसऱ्या टोकाला जातं. एकोणनव्वद साली नायिका कोचीनला गेली, ब्याण्णव साली खलनायक रायपूरला. जागा भरते ती नव्याने बदलून आलेल्या माणसाने. मी कधीच कुठून बदलून आले नाही. त्यामुळे कुणाचं माझ्याकडे लक्ष गेलं नाही. बाकी काही कारण नाही.

निखिल यांच्याच मंत्रालयात आहे. बदल्यांच्या फायली यांच्याच टेबलावरून जातात. आज आमटी वाढताना मी सहज म्हटलं, निखिलला दिल्लीत पाच वर्षं झाली, नाही का? हे म्हणाले, झाली. म्हटलं, नियम तर चारचा आहे ना? हे म्हणाले, हो की.

एवढंच बोलणं झालं. मी कुठल्याही फायलीला हात लावलेला नाही.

५ जुलै, शुक्रवार.
निखिलची गुवाहाटीला बदली. ऑगस्टच्या मध्यापर्यंत हजर व्हायचं.

चेतना येऊन माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. मुलीची शाळा, नाटक, सगळंच. मी तिला गुवाहाटीची हवा फार चांगली असते असं सांगितलं. मलाही रडू आलं, आणि ते अगदी खरं होतं. तिला गोड शिरा करून घातला.

रात्री साडेआठला राजाभाऊंचा फोन. "वहिनी, सध्या तुम्हीच उभ्या राहा."

'सध्या' हा शब्द राजाभाऊ प्रत्येक वाक्यात घालतात. सध्या चहा घेऊ म्हणतात, तेव्हा कप परत मागत नाहीत.

७ जुलै.
यांना सांगितलं, यंदा भानुमती मी. हे पेपर वाचत होते. "अच्छा," म्हणाले. पेपर खाली घेतला नाही, पण यांच्या आनंदाची रीत अशीच आहे. आमची मुलगी अक्षता झाली तेव्हासुद्धा अच्छाच म्हणाले होते.

१४ जुलै, रविवार.
पहाडगंजच्या शाळेत तालीम. माझं पाठांतर पूर्ण. राजाभाऊ म्हणाले, वहिनी, समोरच्याची वाक्यं त्याला बोलू द्या. चौदा वर्षांची सवय. येताना सरोजिनी नगरातून भानुमतीसाठी निळी साडी घेतली. दुकानदाराने विचारलं, बेटी के लिए? मी नाही म्हटलं नाही. पस्तिशीत शिरायला सुरुवात अशीच होते.

२८ जुलै.
सगळं नाटक दुसऱ्या अंकातल्या एका वाक्यावर उभं आहे. भानुमती पत्र वाचते, घडी घालते आणि म्हणते, "तुम्ही विचारलं असतंत, तर मी हो म्हटलं असतं."

स्वयंपाकघरात चाळीस वेळा म्हणून पाहिलं. दूध दोनदा उतू गेलं. यांनी आतून विचारलं, मला काही म्हणालीस का?

११ ऑगस्ट, रविवार.
आज डायरी उघडायची नव्हती. तरी लिहिते.

संध्याकाळी पाचला चेतना आणि निखिल आले, हातात किलोभर बर्फी. मला वाटलं निरोप घ्यायला आले असतील. मी चहा टाकला, चकल्या काढल्या. बर्फी फार ताजी होती, दोन खाल्ल्या. मग निखिल वाकून यांच्या पाया पडला. म्हणाला, काकासाहेब, तुमच्यामुळे. ऑर्डर मार्चपर्यंत स्थगित झाली आहे. मुलीच्या शिक्षणाचं कारण घालून नोट यांनी लिहिली, सहीसाठी वरपर्यंत स्वतः घेऊन गेले.

चेतनाने मला मिठी मारली. काकू, आता नाटक आपलंच, असं म्हणाली. ती माझ्या भूमिकेबद्दल एक अक्षरही बोलली नाही, कारण तिच्या दृष्टीने ती भूमिका तिच्याकडून कधी गेलीच नव्हती.

ते गेल्यावर मी कपबशा विसळल्या. मग यांच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि विचारलं, का? हे खूश होते. इतके खूश मी यांना प्रमोशनलाही पाहिलं नव्हतं.

"चौतीस वर्षांत कुणासाठी नोट लिहिली नाही," हे म्हणाले. "राजाभाऊ भेटले होते, फार काळजीत होते. म्हटलं, आपल्या हिचं नाटक बंद पडायला नको."

मी म्हटलं, भानुमती मी करत होते.

हे म्हणाले, "हो, पण ते सध्यापुरतं ना? तू तर प्रॉम्प्टिंगला असतेस."

माझ्या तोंडात भानुमतीचं वाक्य आलं होतं. पण यांनी चकलीचा तुकडा उचलला आणि ती छान झाल्याचं सांगितलं.

१२ ऑगस्ट.
अबोला. यांच्या लक्षात आलेलं नाही.

१५ ऑगस्ट.
निर्णय: प्रॉम्प्टिंग करणार नाही. राजाभाऊंना तसं सांगायला फोन केला. त्यांनी उचलल्याबरोबर सांगितलं, वहिनी, टॉर्चचे सेल नवीन टाका. मी बरं म्हटलं. आधी सेल टाकते, मग नकार कळवते.

निळी साडी चेतनाने मागितली. रंग तिला फार शोभतो.

१ सप्टेंबर, रविवार.
नकाराला योग्य वेळ मिळत नाहीये. शिवाय दुसऱ्या अंकात पत्रानंतर चेतना दर तालमीत अडकते. ते एकच वाक्य तिच्या डोक्यात राहत नाही. दर वेळी मी देते आणि ती उचलते.

म्हणजे नाटकाचं सगळं वजन माझ्या हातात आहे, हे आज ध्यानात आलं. नकार देण्याची गरजच नाही. प्रयोगाच्या दिवशी ते वाक्य मी देणार नाही. राजाभाऊंना, मंडळाला आणि पहिल्या रांगेत बसणाऱ्या यांना कळू दे की इतकी वर्षं नाटक कोण करत होतं.

हे वाईट आहे का? सिस्टर बेनेडिक्टांना आवडलं नसतं. पण त्यांना दगा कुणी दिला होता?

२२ सप्टेंबर, रविवार. सकाळी.
आज सहाला प्रयोग. मन खंबीर आहे. गुळण्या केल्या, गप्प बसायचंय तरी.

२३ सप्टेंबर, सोमवार.
सगळं क्रमाने लिहिते.

हॉल भरलेला. पहिला अंक बरा. दुसऱ्या अंकात चेतनाने पत्र वाचलं, घडी घातली आणि अडकली. तिने माझ्याकडे पाहिलं. मी टॉर्च विझवला.

वाक्य माझ्या ओठांवर होतं. मी ओठ दातांनी धरले. ती माझ्याकडे बघतेय, मी तिच्याकडे. तिचा चेहरा आधी गोंधळला, मग पांढरा पडला, मग तिला समजलं की मी देणार नाही. पाच वर्षं जिला काकू म्हटलं ती आपल्याला सोडतेय, हे तिच्या चेहऱ्यावर मी अगदी स्पष्ट वाचलं. तिचे डोळे भरले. एक थेंब खाली पडला. शेवटी मला राहवलं नाही. मी तोंड उघडलं, तेवढ्यात कुणीतरी टाळी वाजवली आणि सगळा हॉल टाळ्यांनी भरून गेला. पडदा पाडणाऱ्याला वाटलं अंक संपला. त्याने पडदा पाडला.

वाक्य म्हटलंच गेलं नाही.

राजाभाऊ आत येऊन चेतनाला म्हणाले, काय पॉज घेतलास, मी लिहिलेल्या वाक्याची गरजच उरली नाही. इंदूरच्या स्पर्धेला नाटक पाठवणार आहेत. माझ्या वहीत त्यांनी लाल पेनाने ते वाक्य खोडलं.

मला वाटलं, चेतना आता माझ्याशी बोलणार नाही. ती आली, माझे दोन्ही हात धरले. "काकू, मला वाटलं तुम्ही मला फसवलंत," ती म्हणाली. "मग कळलं, तुम्ही मला माझ्या पायावर उभं केलंत." मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

हे मात्र घरी येईपर्यंत काहीच बोलले नाहीत. यांना कळलं असावं, असं रात्रभर वाटत राहिलं. सकाळी चहा ठेवला तेव्हा पेपर खाली घेतला, माझ्याकडे नीट पाहिलं. इतकं कौतुक यांच्या डोळ्यांत मी फार वर्षांनी पाहिलं. म्हणाले, "काल प्रॉम्प्टिंग फार सुरेख झालं हं. तुझा आवाज एकदाही ऐकू आला नाही."