येतो म्हणून गेलेला गडी

सोमवार, ३ नोव्हेंबर २०२५

आले एकदाची बेळगावात! निपाणीहून दोन बॅगा, लॅपटॉप आणि आईनं कोंबलेला चिवड्याचा डबा घेऊन टिळकवाडीत उतरले, तर रिक्षावाला विचारतो, अख्खं घरच आणलंय काय आक्का. उद्यापासून मी कॉलेजात कॉम्प्युटरची मॅडम. पण खरं गुपित वेगळंच आहे. ही वरची खोली मी मुद्दाम शोधून मिळवली, कारण हे ऋग्वेदचं घर आहे; पत्ता त्यानंच कधीतरी बोलता बोलता दिलेला. गेली सहा वर्षं आम्ही दोघं एका जुन्या गोळीबाराच्या गेममध्ये जवळपास रोज संध्याकाळी भेटतो आणि एकमेकांचं तोंडही पाहिलेलं नाही. काही वर्षांपासून तर त्याचा माईकसुद्धा बंद असतो, नुसतं टाइप करतो. माझ्या मनात त्याच्याबद्दल काय आहे ते त्याला माहीत नाही, आणि मी येणार हेही नाही. दार उघडल्यावर त्याचा चेहरा बघायचा होता.

दार त्याच्या आईनं उघडलं. बेबीआक्का. साठीच्या बाईंचं नाव बेबी, आणि शोभतंही. बॅगा टाकून मी म्हटलं, जाते, दूध घेऊन येते, तर उंबऱ्यातच बोलणी बसली. "जाते म्हणू न्हाई गं पोरी. येते म्हणावं." आमची आईही हेच म्हणते, त्यामुळे एकदम घरच्यासारखं वाटलं. ऋग्वेदचं मी सहज विचारलं (सहज, हं!). म्हणाल्या, भाईर गेलाय, येतो म्हणून. त्याचे वडील श्रीपादअण्णा, निवृत्त वकील, पेपरात तोंड घालून बसले.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

संध्याकाळी वरच्या खोलीतून गेममध्ये शिरले. ऋग्वेद होताच, पाण्याच्या टाकीमागे दबा धरून. आलीस? त्यानं टाइप केलं, नेहमीसारखंच. हसू दाबून दाबून पोट दुखलं. मी तुझ्याच घराच्या डोक्यावर राहते आहे रे गाढवा!

आमचा गेम म्हणजे म्हातारं खोंड. कंपनीनं केव्हाच वाऱ्यावर सोडलं. एकाची लाईट गेली की सर्व्हरच कोसळायचा आणि सगळेच बाहेर. मग ऋग्वेदनं सर्व्हर आपल्या घरच्या मशीनवर घेतला आणि स्वतः पॅच, म्हणजे गेमला जोडायचा छोटा प्रोग्राम, लिहिला. निघताना 'येतो' टाइप करायचं. सर्व्हर त्या गड्याची जागा राखून ठेवतो, परत येईपर्यंत त्याला त्याच्याच ढंगानं खेळवत राहतो, कोसळत नाही. जागा कायमची सोडायची असेल तर आपल्याच मशीनवरून 'जातो' टाइप करायचं. तेव्हा तो म्हणाला होता, आपल्या भागात 'जातो' कोण म्हणणार आहे? खरंच, आजवर कोणी म्हटलेलं नाही.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

हा गेममध्ये रोज भेटतो, पण घरी काही येत नाही. आज आक्का पोह्यांची बशी घेऊन त्याच्या खोलीत गेल्या, मागोमाग मीही डोकावले. मशीन चालू होतं. पडद्यावर त्याचा गडी धावत होता आणि खुर्ची रिकामी. बरं, पॅच खेळवतोय, असं म्हटलं. बशी ठेवून आक्का निघाल्या आणि तेवढ्यात पडद्यावर अक्षरं उमटली. आज कॉलेज कसं झालं? प्रश्न मला होता. कीबोर्डवर मात्र पातळ धूळ होती आणि एकही बटण हललेलं नव्हतं.

रविवार, ९ नोव्हेंबर

अण्णा मला भाजीला म्हणून खडेबाजारात घेऊन गेले. कोथिंबीर निवडता निवडता, माझ्याकडे न बघता त्यांनी सांगितलं. कणकुंबीच्या पुढच्या वळणावर, मोटरसायकलवर, ऋग्वेदचा अपघात. तीन वर्षं झाली. लहानपणापासून आईला "आई, जाऊ?" असं विचारल्याशिवाय तो कधी उंबरा ओलांडत नसे. त्या दिवशीच आक्का देवळात होत्या. अण्णांना नुसतं येतो म्हणाला आणि गेला. मशीन बंद करायचं नाव काढलं तरी आक्का जेवण सोडतात.

तीन वर्षं. माईक बंद झाल्याला तेवढीच वर्षं झाली.

मी पिशवी तिथेच रस्त्यावर ठेवली आणि रडले. एवढ्या बाजारात. कसली लाज न् कसलं काय. मी ज्याच्यासाठी बेळगावला आले तो मी यायच्या कितीतरी आधीच गेला होता.

बुधवार, १२ नोव्हेंबर

स्वतःला समजावते आहे. तीन वर्षं मी पॅचशी बोलत होते. 'आलीस?', 'जेवलीस काय?', 'मागं बघ गं', सगळी त्याचीच जुनी वाक्यं, उलटसुलट लावलेली. यंत्र शिकलं असेल. कॉलेजचाही प्रश्न जुनाच. मी शिकत होते तेव्हा रोज विचारायचा. यंत्रं अशीच शिकतात, मुलांना मी हेच तर शिकवते.

तरी संध्याकाळी गेलेच. नाही गेले तर एकटा पडेल, असं वाटलं.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

संध्याकाळी लाईट गेली. इन्व्हर्टरही बसला. खाली जाऊन पाहिलं, त्याचं मशीन बंद, गार. वर आले. माझा लॅपटॉप बॅटरीवर, नेट मोबाईलचं. सर्व्हर त्या बंद मशीनवरच होता. म्हणजे गेम असायलाच नको —

तो टाकीपाशी उभा होता. एकटा.

लाईट गेली काय गं?

मग: लई दमलोय. रोज मरतो, रोज उठतो.

मग: सोड.

ही वाक्यं जुनी नाहीत. हे तो मला कधीच म्हणाला नव्हता.

शनिवार, १५ नोव्हेंबर

आक्का देवळात गेल्यावर त्याच्या खुर्चीत बसले. धूळ पुसली. 'जातो' टाइप केलं. मला त्याला सोडायचं नव्हतं. तरी केलं.

गडी नाहीसा झाला. मी उठायला गेले आणि — परत आला. पहिल्या जागी. तोंड पडद्याकडे, माझ्याकडे नाही, माझ्या मागे दाराकडे.

आई, जाऊ?

पुन्हा. पुन्हा. पडदा भरला.

रविवार, १६ नोव्हेंबर, सकाळ

आक्कांना सगळं सांगितलं. आधी अंगावर धावून आल्या, एवढं तरी राहू दे म्हणाल्या. मग पडद्यासमोर बसल्या. बारीक अक्षरं त्यांना दिसत नाहीत. मी वाचलं. आई, जाऊ? तो रोज मरतोय आक्का, तुमच्या 'जा'साठी अडलाय, म्हटलं.

त्यांनी पडद्यावरून हात फिरवला. म्हणाल्या, "जाऊन ये, बाळा."

तोंडची सवय. जन्माची.

तो गेला. लगेच परत आला. आलो, म्हणाला. मग मला — तू कोण?

दुपार

चार वेळा झालं. आक्का ठरवून बसतात, नुसतं 'जा' म्हणायचं. नुसतं 'जा' आईच्या तोंडून निघत नाही. मागे 'ये' येतोच. दर वेळी तो थोडा कमी होऊन येतो. आता धावत नाही. आता अण्णांचं नावही आठवत —

सूर्य कलताना

मी माझ्यापुरतं म्हटलं. जा ऋग्वेद. मला तू फार आवडायचास. जा. त्यानं ऐकलं नाही, त्याला माझं ऐकायचंच नाही —

चेहरा राहिलेला नाही. नुसता प्रश्न. जाऊ? जाऊ? मशीनची वायर काढलेली आहे, तरी —

अण्णांनी आक्कांचे खांदे धरलेत. आक्का पदर तोंडात कोंबून बसल्यात, 'जा'च्या मागचा 'ये' निघू नये म्हणून. मी वहीत लिहिते आहे कारण पडद्याकडे बघवत —

पदर काढला. ओठ हलले. म्हणतात —

जा