करकोचा दिसेपर्यंत

याम्बोल, ३१ मार्च

तीर्थरूप स्तामेनमामांस,

मोम्चिलचा तुम्हाला आणि गेर्गानामामींना वाकून नमस्कार. तुमच्या गुडघ्याला आता उतार पडला असेल अशी आशा आहे. (डावा की उजवा, ते आईला विचारलं. ती म्हणाली, ‘ज्या दिवशी अंगावर काम येतं त्या दिवशी दोन्ही.’ बहीण आहे, बोलणारच.) मामींचा रक्तदाब, मधमाश्या, गाढव, सगळे खुशाल असतील. तुमच्या फाटकासमोरच्या विजेच्या खांबावर दरवर्षी घरटं करणारा तो करकोचा, ज्याला तुम्ही कर्नल म्हणता, त्याचं मात्र काहीही कळवू नका. आला असला तरी नको, नसला आला तरी नको. का, ते पुढे येईलच. आम्ही इथे मजेत आहोत. ईस्टरच्या आधीचा मोठा उपास चालू आहे, म्हणजे आई मांस खात नाही, आणि मी खाताना दिसलो तर काही बोलत नाही, नुसती बघते. त्यामुळे मीही खात नाही. फोन न करता पत्र लिहिलं याचं नवल वाटलं असेल. पण तुमचा फोन मामी उचलतात, आणि मामींनी ऐकलं की दुपारच्या आत अख्खं दोल्नो ब्रेस्तोवो गाव ऐकतं. (मामी, हे पत्र तुम्हीच वाचत असाल तर मी हे कौतुकाने लिहिलंय.)

सगळ्यात आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण आईने तुम्हाला काहीतरी भलतंच कळवलं असणार. रालित्सा हा विषय माझ्यापुरता संपलाय. मुळापासून संपलाय. या पत्रात तिचं नाव पुन्हा येणार नाही. तर झालं असं, की आठ मार्चला, महिला दिनाला, मी रालित्साच्या घरी गेलो. हातात सात ट्यूलिप. सात मोजून घेतले होते, फुलवालीच्या समोर, मोठ्याने. जिन्यात त्यांच्याकडे झाडलोट करणाऱ्या बाई भेटल्या. आता आठ मार्चला बाईमाणूस समोर आलं आणि हातात फुलं असली तर माणूस काय करेल? एक फूल त्यांना दिलं. त्यांनी माझा गालगुच्चा घेतला, मी खुशीत चार मजले चढलो आणि दार उघडलं रालित्साच्या आजीने. हो, तुमच्या समोरच्या घरातल्याच नेदेल्या आजी, हिवाळ्यात लेकीकडे राहायला आल्या होत्या. त्यांनी फुलांकडे बघितलं, ओठांनी मोजलं आणि छातीवर क्रूस काढला. ‘सहा?’ म्हणाल्या, ‘माझ्यासाठी आणलीस का रे? अजून जिवंत आहे मी!’ मामा, सम संख्येची फुलं थडग्यावर वाहतात हे मला पाळण्यात असल्यापासून माहीत आहे. चूक माझी नव्हती, चूक माझ्या सौजन्याची होती. हे मी शांतपणे समजावून सांगणार होतो. पण आतून रालित्सा आली आणि म्हणाली, ‘मोम्चिल, तुला सातपर्यंत मोजता येत नाही का?’ झालं. माझं डोकं तुम्हाला ठाऊक आहे, तुमच्याच घराण्यातून आलंय. मी एक फूल उपसलं, गॅलरीतून खाली फेकलं आणि ओरडलो, ‘घ्या! झाली पाच!’

त्यावर ती जे बोलली ते मी विसरलो आहे. शब्दशः असं होतं: ‘तू असाच आहेस. नीट करायला दोन मिनिटं लागतात, ते फेकायला तुला एक पुरतं. कॉलेज असंच फेकलंस, आता फुलं. उद्या मला फेकशील.’ (कॉलेजचा इथे काय संबंध? दुग्धशाळेचा अभ्यासक्रम मी दीड वर्षाने सोडला, कारण तिथले सर भर वर्गात म्हणाले की घरी आजीने लावलेलं दही स्वच्छतेच्या दृष्टीने संशयास्पद असतं. माझ्या आजीबद्दल, म्हणजे मामा, तुमच्या सख्ख्या आईबद्दल! मी वही उचलली आणि निघालो. वही दुसऱ्याची होती हे प्लोव्दिवच्या स्टेशनवर लक्षात आलं.) मग मी म्हणालो, एवढं असेल तर हा दोरा तोडून टाक. म्हणजे एक मार्चला मी तिच्या मनगटाला बांधलेला लाल-पांढरा दोरा, तसाच तिने माझ्या मनगटाला बांधलेला. ती म्हणाली, ‘तोडणार नाही, वर्षभराचं अवलक्षण मला नकोय. रीतीप्रमाणे करकोचा नाहीतर फुललेलं झाड दिसलं, की सोडेन. आणि त्याच्याबरोबर तुलाही सोडेन. तोवर तू काय सुधारायचं ते सुधार.’ दार लागलं. आतून नेदेल्या आजींचा आवाज आला, ‘पाच तरी पाण्यात ठेव गं, फुलांचा काय दोष?’

तेव्हापासून मी सुधारतो आहे. तिच्यासाठी नव्हे, स्वतःसाठी. माझा मित्र बोझो या विषयातला जाणकार आहे (त्याला तीन मुलींनी सोडलंय), त्याने मला कार्यक्रम आखून दिला. रोज सकाळी गार पाण्याने आंघोळ. ही मी तेवीस दिवस केली, पण आमचा बॉयलर जानेवारीपासूनच बंद असल्यामुळे माझी तपश्चर्या घरात कोणाच्या लक्षातच आली नाही, कारण आईही तेच करते आणि तिला कोणी सोडलेलं नाही. मग दाढी वाढवणं. बोझो म्हणतो दाढीने माणसाला वजन येतं. रालित्साला दाढी अजिबात आवडत नाही, म्हणून तर मुद्दाम वाढवली, की बघ, मला काही फरक पडत नाही. फरक पडतो तो फक्त सूप पिताना. आणि सगळ्यात मोठी सुधारणा म्हणजे राग आला की तोंड उघडण्याआधी एक ते सात मोजायचं. मी हल्ली मिंचोकाकांच्या टायरच्या दुकानात कामाला आहे. मार्चमध्ये सगळा गाव हिवाळी टायर काढायला येतो आणि प्रत्येकाला घाई असते. एक गिऱ्हाईक म्हणालं, ‘काय रे, हात चालतात का नुसती दाढीच वाढते?’ मी मोजायला लागलो. पाचवर आलो तेव्हा तो मिंचोकाकांना हळूच म्हणाला, ‘बिचारा. जन्मापासून असा आहे का?’ मला एकपासून पुन्हा सुरुवात करावी लागली. शिवाय मोजायची इतकी सवय लागलीय की परवा एकदम जाणवलं, गाडीला चाकं चार असतात. सम. तेव्हापासून प्रत्येक गाडीला मी डिकीतलं जादा चाक धरून पाच मोजतो आणि मग कामाला लागतो.

आता चालण्याविषयी. आईने तुम्हाला लिहिलं असेल की मी खाली मान घालून फिरतो आणि तिला माझी काळजी वाटते. त्यात काळजीचं काही नाही, ती नम्रता आहे. ती नेमकी जर्दाळू फुलायच्या दिवसांत माझ्या अंगी आली हा योगायोग. झाडांकडे बघायचंच नाही असं काही मी ठरवलेलं नाही. फक्त मी बूट बघतो. लोकांचे बूट फार बोलके असतात. बुटांवरून माणूस ओळखता येतो, खांब मात्र ओळखता येत नाही, त्यामुळे गेल्या मंगळवारी बेकरीसमोरच्या खांबावर मी आदळलो आणि कपाळावर अंड्याएवढं टेंगूळ आलं. आईने त्यावर थंड चमचा दाबला आणि विचारलं, ‘जमिनीवर काय सांडलंय तुझं, एकदा सांग तरी, दोघं मिळून शोधू.’ दुसऱ्या दिवशी तिने मुद्दाम फुललेल्या आलुबुखाराची फांदी बरणीत घालून जेवणाच्या टेबलावर ठेवली. मी डोळे मिटून जेवलो. तिने विचारलं, ‘आता हे काय?’ मी म्हटलं, प्रार्थना करतोय. ‘वीस मिनिटं?’ म्हटलं, पापं बरीच आहेत. तिने फांदी उचलली, पण माझ्या पानात घेवडा मुकाट्याने वाढला, आणि मामा, आई मुकाट्याने वाढते तेव्हा मला फार भीती वाटते.

गुरुवारी मात्र कमाल झाली. दुकानात सहा-सात माणसं होती, मी एका गाडीचा जॅक लावत होतो, आणि रस्त्यावरून मिंचोकाका ओरडले, ‘अरे बाहेर या! करकोचे! थवाच्या थवा चाललाय!’ सगळे धावले. माझं काय झालं माहीत नाही, मी गाडीखाली शिरलो. काका पुन्हा ओरडले, ‘मोम्चिल, ये की लेका, दोरा सोड!’ मी म्हटलं, गळती शोधतोय. काका म्हणाले, ‘टायर बदलायला आलेल्या गाडीची कसली गळती?’ मी पाऊण तास तिथेच होतो. गाडीचा मालक उकिडवा बसून वाट बघत राहिला आणि शेवटी वाकून, फार मायेने म्हणाला, ‘पोरा, जातील हेही दिवस.’ आता तो असं का म्हणाला? मी माझं काम करत होतो. आणि मी खरंच बरा आहे, मामा. दोरा सुटावा, विषय संपावा, असं मलाच सगळ्यांत जास्त वाटतं. फक्त घाईने काही करायचं नाही हे मी आता शिकलोय. यालाच सुधारणा म्हणतात ना? म्हणत असतील तर मी नक्की कशातून बाहेर येतोय आणि कशात आणखी रुततोय, हे मला रात्रंदिवस मोजूनही उमगत नाही. तुम्ही मामींना सहा वर्षं ‘नाही’ म्हणताना ऐकलंत आणि सातव्या वर्षी लग्न केलंत, म्हणून तुम्हाला विचारतो.

असो. ईस्टरला तुम्ही बोलावलंत, पण दुकानात काम फार आहे, येणं काही जमणार नाही. ईस्टरच्या अंड्यांच्या टकरीत तुमच्या रंगवलेल्या अंड्याने यंदाही सगळ्यांची अंडी फोडावीत हीच इच्छा. मामींना आणि गाढवाला (वेगवेगळा) नमस्कार.

तुमचा, बराच सुधारलेला भाचा,
मोम्चिल

ता. क. — एक बारीकसं काम होतं, उगाच आठवलं म्हणून लिहितो. ईस्टरसाठी नेदेल्या आजींकडे त्यांची नात येणार आहे. कोण ते महत्त्वाचं नाही. शुक्रवारी सकाळच्या बसने येईल. कर्नलचं घरटं आजींच्या ओट्यावरून अगदी नाकासमोर दिसतं. तेव्हा शुक्रवार ते रविवार कर्नलला तुमच्या गोठ्यामागच्या शेतात गुंतवून ठेवता येईल का? नदीवरून आणलेल्या माशांची मुंडकी तिकडे टाकत राहिलात तर दिवसभर हलणार नाही. त्याला इजा मात्र करू नका, त्याचा यात काही दोष नाही. आणि चोच वाजवायला लागला की टकटक ऐकून माणूस वर बघतोच, म्हणून तेवढ्या वेळापुरता ट्रॅक्टर चालू करा. बायको घरट्यात आली की तो वाजवतो, म्हणजे दिवसातून आठ-दहा वेळा. डिझेलचं मी बघेन. अंगणातल्या आलुबुखारावर जुनी चादर टाकता आली तर उत्तम. पत्र लिहायचं खरं कारण हे नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेलच.

ता. क. २ — पाकीट चिकटवलं होतं, ते किटलीच्या वाफेवर धरून पुन्हा उघडलं. आत्ता बोझो येऊन गेला. त्याने रालित्साला बाजारात पाहिलं. तिच्या कपाळावर टेंगूळ आहे, अंड्याएवढं. बेकरीसमोरचा खांब. खाली मान घालून चालत होती म्हणे, आणि बोझोने हाक मारली तर त्याच्या बुटांशीच बोलली. मामा, तिची नजर किती तेज आहे तुम्हाला माहीत नाही. बस टेकडीवर असतानाच तिला नंबर वाचता येतो. अशी मुलगी भर दुपारी खांबावर आदळते कशी? तिला कुठून आली नम्रता? मी तीनदा सातपर्यंत मोजलं, काही कळेना. शेवटी आईला विचारलं. तिने लाटणं खाली ठेवलं आणि म्हणाली, ‘जा, दाढी कर.’

दाढी करतो आहे. मग फुलवालीकडे जाऊन येतो, सात मोजून. या वेळी जिन्यात कोणी भेटलं तरी नुसता नमस्कार करेन. कर्नलचं मात्र तेवढं विसरू नका.