तिळाएवढा स्फटिक

अमरावती, ५ नोव्हेंबर १९६१

पुन्हा भुकटी! चारही बाटल्यांच्या तळाशी नुसता पांढरा रवा. अंड्याच्या पांढऱ्यातलं प्रथिन आहे, मीठ आहे, थंडी पडली आहे — मग एक धड स्फटिक का धरत नाही? तिळाएवढा एक हवा. बस्स! मुंबईच्या सरांनी बजावलं आहे, "महिनाअखेर एक मोठा आण, क्ष-किरणांच्या प्रयोगशाळेत जागा तुझी." तिकडे इंग्लंडात व्हेलच्या मांसातल्या प्रथिनाचा कुठला अणू कुठे बसलाय ते अशाच स्फटिकावर क्ष-किरण टाकून शोधून काढलं. आणि मी जन्मभर इथं पोरांना लिटमस दाखवू?

एक बाटली भिंतीवर फोडली.

८ नोव्हेंबर

स्फटिकाला हादरा चालत नाही. धक्का लागला की एकाच्या जागी हजार बारीक कण. मग या घरात हादरे देतं कोण? बायकोच! भागीरथाचा वरवंटा दिवसभर चालतो. पाटा उचलून अंगणात फेकला. तर म्हणते, "आन् दार कोन आपटते? ताट कोन फेकते? मी?"

लई जीभ चालते. दोन ठेवून दिल्या.

९ नोव्हेंबर

सुजल्या तोंडानं माझ्यासाठीच अंडी फोडून राहिली होती. पांढरं वेगळं, पिवळं वेगळं. बघून राग आणखीच चढला.

१३ नोव्हेंबर

पुन्हा रवा! उलथणं हाताशी होतं. तिचं मनगट मोडलं — आवाज आला. डॉक्टरला सांगितलं, न्हाणीत पाय घसरला. त्यानं प्लास्टर घालून हात गळ्यात बांधून दिला.

१४ नोव्हेंबर

कॉलेजातून आलो तर दाराला कडी. शेजारीण म्हणाली, अकोल्याला गेली, भावाकडे. आणि कालच भरलेली बाटली घेऊन गेली! माझी बाटली! तंगडं तोडतो तिचं.

२६ नोव्हेंबर, अकोला स्टेशन

गाडीची वाट बघत लिहितोय. तोंडातून अजून रक्त येतंय. तिच्या भावानं, सहदेवनं, मला दारातच काठीनं झोडपलं. दोन दात गेले. मीही त्याचा कान फोडला. भागीरथा मध्ये पडली नाही. गळ्यात हात बांधून उभी होती. मग आत गेली आणि कोनाड्यातली बाटली आणून पुढे धरली.

स्फटिक! तिळाहून मोठा! काचेसारखा स्वच्छ, कडा कशा कापून काढल्यासारख्या!

"तुमी फोडली असती म्हनून आनली. तशीच ठेवली होती. इथं कोनी आदळआपट करत नाई. घेऊन जा. मी येत नाई."

नाही आली तर नाही! मला काय करायचंय? स्फटिक मिळाला. आता मुंबई!

२७ नोव्हेंबर

काल अमरावतीची गाडी धरायला बडनेऱ्याला उतरलो. फलाटावर एका हमालाची पेटी खांद्याला लागली. माझा हात उठला.

बाटली त्याच हातात होती.