मागच्या खोलीतली ओल

३ मे
मागच्या खोलीच्या भिंतीला पुन्हा ओल. बाहेर बेचाळीस डिग्री, हर्सूलचा तलाव आटत चाललाय आणि माझी भिंत ओली! कारण उघड आहे. वरच्या मजल्यावरच्या फहमिदाचं बाथरूम. मी रागावलेली नाही. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर सांगायच्या, आवाज चढवते ती लेडी नव्हे. संकल्प: एकदाच, शांतपणे बोलायचं.

४ मे
बोलले. आवाज पार्किंगपर्यंत गेला म्हणे. आमचा जिना फार घुमतो. फहमिदा म्हणाली, भाभी, हमारा बाथरूम तो सूखा पडा है, आके देखो ना, चाय भी पियो. गेले नाही. चूक असली की माणसं चहा पाजतात.

६ मे
लेकीचा, वैदेहीचा फोन. नात वीस तारखेला येणार, पण भिंत कोरडी असेल तरच. बुरशीच्या हवेत तिची धाप वाढते, असं डॉक्टर म्हणालेत. दिवाळीत इथं नेब्युलायझर लावावा लागला, ते वैदेही विसरत नाही. मी म्हटलं, तो फटाक्यांचा धूर. ती म्हणाली, आई, त्या खोलीला वास येतो. वास! सागाच्या कपाटाचा वास आहे तो. त्यात माझा शाळेचा मरून ब्लेझर आहे, बक्षिसाची पुस्तकं आहेत. नातीला आता तो ब्लेझर बसेल. घालून बघायचाय.

८ मे
आठव्या दिवशी नळाला पाणी. कपाटामागचे तिन्ही ड्रम काठोकाठ भरले. पाइप लावून चहा घेतला, तेवढ्यात थोडं वाहिलं. पाणी आहे, वाहणारच. आमचे हे, मुकुंद, म्हणाले, ड्रम बाल्कनीत ठेवू. म्हटलं, आणि आपलं पाणी सगळ्या सोसायटीला दाखवू? ते नुसते खोकले. सिगरेट. सोडून वीस वर्षं झाली म्हणून काय झालं?

११ मे
वॉटरप्रूफ पेंट आणून स्वतः दोन हात मारले. भिंत सुंदर. धूळ नको म्हणून खिडक्या घट्ट बंद. प्रश्न मिटला.

१४ मे
पेंटला फोड. मुकुंद झोपायला हॉलमध्ये गेले. मलाही शिंका येतात, पण ती क्रांती चौकातली धूळ. आज कपाट उघडलं. ब्लेझरच्या कॉलरवर हिरवट बुरशी. पुस्तकांची पानं एकमेकांना चिकटलेली. सिस्टरनी शाईनं लिहिलेलं माझं नाव पसरलंय. खाली बसून रडले. मग उठून सोसायटीच्या ग्रुपवर फहमिदाबद्दल लिहिलं. इंग्रजीत, नऊ पॉइंट. स्पेलिंगची एकही चूक नाही.

१६ मे
पाणी आलं. पाइप ड्रमात सोडला आणि दहावा पॉइंट जुळवत बसले. खोलीभर पाणी. फरशी पुसताना सुचला तो पॉइंटही विसरले.

१७ मे
फहमिदानं प्लंबर पाठवला. म्हटलं, आली कबुली! कन्नड तालुक्यातला पुंजाराम. वरचं बाथरूम बघून खाली आला, कपाट ओढलं आणि ड्रमांपाशी उकिडवा बसला. म्हणाला, मावशी, वरून थेंब बी नाय. छत बघा, कोरडं ठक्क. भिंत खालून भिजलीय. मधला ड्रम बुडाशी तडकलाय, आन् वरून सांडतंय ते येगळंच. म्हटलं, तुम्ही फहमिदाचा माणूस. तो म्हणाला, मी व्हय, पर ड्रम कुणाचा?
मुकुंद हसले. खोकले. पुन्हा हसले. याला काय म्हणायचं?

२० मे
नात आली. वैदेहीनं खोलीत डोकावून नाकाला ओढणी लावली आणि बॅग परत उचलली. फहमिदा जिन्यातच उभी होती. म्हणाली, बच्ची को ऊपर सुलाओ भाभी, हमारे यहाँ सूखा है. नऊ पॉइंट तिनं वाचलेत. एक शब्द काढला नाही. काढला असता तर मला भांडता तरी आलं असतं.

२१ मे, सकाळी सात
ड्रम काढले. खिडक्या उघडल्या. ब्लेझर उन्हात टाकला, डाग जात नाही. माफी मागायला जिना चढले. दाराआड नात खिदळत होती. खोकला नाही. फहमिदा तिला म्हणत होती, आहिस्ता बेटा, नानी नीचे सो रही होंगी.
बेल न वाजवता परत आले.
नऊ पॉइंट डिलीट करायला गेले. आता होत नाहीत. मग दहावा लिहायला घेतला. इंग्रजीत जमेना. मराठीत टाकला: फहमिदा, ओल माझ्याच ड्रमची होती.