दुर्बीण वळते तशी

प्रिय धाकट्या,

बापाच्या तोंडापेक्षा त्याची पाठच जास्त पाहिलेली आपण दोघं भावंडं. हा अन्याय होता, आणि तो मी कुठल्याही व्यासपीठावरून ठणकावून सांगेन. फोन वाजला की बाबा हातातला घास टाकून नियंत्रण कक्षाकडे पळायचे. फार दूर कुठेतरी एखादा तारा कोसळलेला असायचा. गॅमा किरणांचा भडका क्षणात संपायचा, आणि मागे उरलेली क्ष-किरणांची धग विझेपर्यंत अवकाशातल्या दुर्बिणीतून तिच्यावर नजर ठेवायची, हे त्यांचं काम. आई म्हणायची, "तिकडे कोणीतरी गेलंय. तुम्ही व्हा पुढे, आम्ही जेवून घेतो." आपण हसायचो. तीही हसायची, आणि त्यांचं ताट झाकून ठेवायची.

आईला स्मशानात पोचवायच्या दिवशीही तो फोन वाजला, आणि ते गेले. तू दारात आडवा उभा राहून विचारलंस, "तुम्ही माझ्याकडे बघावं म्हणून मी कुठे जाऊन फुटू?" त्यानंतर तू या घरात पाऊल टाकलं नाहीस. बरोबर केलंस. त्यांची वकिली मी करणार नाही.

आता त्यांच्या खुर्चीत मी बसते. इशारा आला की दुर्बीण कोणालाही न विचारता, चालू काम अर्धवट टाकून वळते. किती वेळ बघत राहायचं, ते मात्र माणूस ठरवतो. काम झालं की ती पुन्हा आपल्या जुन्या कामाला लागते. बाबा एवढंच तिच्याकडून शिकले नाहीत.

परवा एक धग इतकी मंदावली की एकेका किरणासाठी ताटकळत बसावं लागलं. शेजारचा सहकारी वैतागला, "बाई, सोडा आता. काय उरलंय त्यात?" मी खेकसले, "आहे तोवर आहे!" हेच वाक्य मी हल्ली इस्पितळात, बाबांच्या खाटेपाशी, रोज मनात म्हणते.

हो, बाबा इस्पितळात आहेत. एखादा शब्द येतो, मग सकाळची दुपार होते तरी काही नाही. काल शब्द आला, "ढब्बू." तुला ही हाक त्यांच्याशिवाय कोणी मारत नाही. मी विचारलं, "बोलावू त्याला?" बऱ्याच वेळानं म्हणाले, "नको. त्याचं काम चालू असेल." आणि दाराकडे बघत राहिले. बघ, आता सुचलं यांना कोणाचं काम! मी संतापले होते, आणि डोळे वाहत होते.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, फार दिवस नाहीत. म्हणून हे पत्र. माफ करू नकोस त्यांना. भांडायचं असेल तर भांड, ते तुझ्या हक्काचं आहे. पण मागे उरलेल्या रिकाम्या खाटेशी भांडता येत नाही. हातात असेल ते अर्धवट टाक, कोणाला विचारू नकोस, आणि मिळेल ती पहिली गाडी पकडून ये.

तुझीच,
ताई