शेजारची खाट

७ ऑक्टो.
आंतोन अजून ओरोसला, जिल्हा हॉस्पिटलच्या वॉर्डात. आज पुन्हा डायलिसिस. पावसात घरामागची चर साफ करायला अनवाणी उतरला, तिथून लेप्टो. ताप गेला, पण मूत्रपिंडं बंद पडली ती पडलीच. डॉक्टर म्हणतात, चालू होतीलही, नाहीही. वाट बघा. सगळा जन्म समुद्रावर काढलेला माझा नवरा, पाणी मोजून पितोय.
वॉर्ड बायका-पुरुषांचा एकच; शेजारच्या खाटेवर बांदा गावची मुलगी, मानसी. कॉलेजात आहे. दुखणं तेच, पण फुप्फुसात उतरलंय. आई शोभाताई उशाशी. तिनं मला अर्धी भाकरी दिली.

९ ऑक्टो.
दीर मिंगेल हॉस्पिटलात येतो म्हणाला. टाळलं. दारू सोडल्यापासून तो वेगळाच झालाय. चॅपलमधल्या प्रार्थनासभेत अन्य भाषेत, म्हणजे कुणालाच न कळणाऱ्या शब्दांत बोलतो, आजाऱ्यांवर हात ठेवतो. नाक्यावरच्या बाईची आखडलेली मान त्याच्या प्रार्थनेनं वळायला लागली म्हणे. माझी भक्ती तेर्साची, जपमाळेची. संध्याकाळी मणी ओढायचे, देवाला फार त्रास द्यायचा नाही.
खरं लिहायचं तर चीड येते. रविवारची मिस्सा मी कधी चुकवली नाही, आणि कृपादान मिळालं कुणाला, तर मिंगेलला!

११ ऑक्टो.
फादरना विचारलं, मिंगेलला वॉर्डात न्यावं का. म्हणाले, "पवित्र आत्म्यानं कुणाकडून काम करून घ्यावं, हे आपण नाही ठरवत, फिलू. दार उघडं ठेव. औषध मात्र थांबवू नकोस."
म्हणजे नेऊ की नको?

१२ ऑक्टो.
नेलं. नर्सना विचारून. मिंगेलनं चपला बाहेर काढल्या, हात धुतले. आंतोनच्या पोटावर हात ठेवून डोळे मिटले. मोठ्यानं काही नाही. ओठ हलत होते, शब्द कळेनात. लोक बघत होते, माझी मान खाली. आंतोनच्या डोळ्यांतून पाणी.
मिंगेल उठला तशी शोभाताई म्हणाली, "माज्या चेडवारय ठेव रे बाबा हात. तुमचो देव, आमचो देव, माका काय ठावक नाय."
ठेवला. मानसीवरही, तितकाच वेळ, तसाच.
बाहेर व्हरांड्यात चपला घालताना तो म्हणाला, "वयनी, माका भय वाटता. माज्या हातात काय एक नाय."

१४ ऑक्टो.
आंतोनला लघवी सुटली! भरपूर. नर्सनं पिशवी उचलून दाखवली. मी त्या पिशवीला हात जोडले. हसू आलं, मग रडू.
पलीकडे मानसीला श्वासाचं मशीन लावलंय. मी मधला पडदा ओढून घेतला. शोभाताईला आमचं हसू दिसू नये म्हणून, की मला मानसी...

१६ ऑक्टो.
मानसी सकाळी गेली.
शोभाताई ओरडली नाही. पोरीचे केस विंचरत बसली. आंतोन म्हणाला, "फिलू, जा गो तिच्याकडे." गेले नाही. पडद्याआडच उभी. कुठल्या तोंडानं जाऊ?

२३ ऑक्टो.
आंतोन घरी आला. डॉक्टर म्हणाले, लेप्टोत मूत्रपिंडं कधीकधी अशी सावरतात. रक्त तपासत राहायचं. इथे आमच्या गावात, देवबागात, एकच शब्द: चमत्कार. प्रार्थनासभेतल्या बायका आल्या. रविवारी साक्ष दे म्हणतात, देवानं नवऱ्याला बरं केलं असं सगळ्यांसमोर सांग. मी विचारलं, "आणि ती बांद्याची पोर?" एकजण म्हणाली, "त्यांची श्रद्धा कमी पडली आसतली."
तिला सरळ घरी जायला सांगितलं. चहा तसाच राहिला.
मिंगेल सभेला जात नाही. जाळी विणत बसतो.

२५ ऑक्टो.
साक्ष दिली नाही. मिस्सा झाल्यावर फादरना म्हटलं, हात तेच, दुपार तीच. मग असं का?
 फादर म्हणाले, "माका ठावक नाय, फिलू." प्रवचन कायम शुद्ध मराठीत करणारा माणूस.
देवाचे आभार मानायला गेले की मानसी समोर येते. मानले नाहीत तर हा आंतोन पेज जेवतोय, तो काय खोटा?

२८ ऑक्टो.
शोभाताईचा फोन. "दिराक घेवन येशात?" एवढंच.
मिंगेल पांढरा पडला. "शिव्या घालूक बोलवता ती."
"घालूंदेत. आपण जावया."

३० ऑक्टो.
बांद्याला जाऊन आलो. मानसीचा फोटो, ताजा हार. मिंगेल उंबऱ्याबाहेरच थांबला. शोभाताईनं त्याला हाताला धरून आत आणलं. "तू हात ठेवलंस, तेव्हा माजां चेडू निजलां. किती दिसांनी तशां शांत निजलां. आता तिच्या बापाशीक झोप नाय. तेच्यार ठेव."
मिंगेल रडायला लागला. "ताई, माज्यान काय जावचा नाय."
"काय जावक व्हया, ता मी सांगूक नाय. नुसतो ठेव."
ठेवला. खुर्चीत बसलेल्या मानसीच्या बापानं डोळे मिटले. झोप की काय, माहीत नाही.
चहा देताना शोभाताईनं मला आंतोनचं विचारलं, "तुमचो घोव बरो आसा मां?"
 तो बरा आहे, हे इतके दिवस मी कुणालाच नीट सांगितलं नव्हतं. देवालासुद्धा.
"बरो आसा," म्हटलं.
"बरां झालां," ती म्हणाली. आणि मग रडली, मोठ्यानं. मी तिला धरून बसले. मिंगेलचा हात तिच्या नवऱ्याच्या डोक्यावर तसाच होता.